वाचकांचे प्रश्न : पुराव्यांचे नकाशे कसे वाचावेत?

प्रश्न : आमची स्वयंसेवी संस्था नागपुरातील बांधकाम मजुरांसाठी काम करते. हिवाळी अधिवेशनापूर्वी एका लोकप्रतिनिधींना उन्हाळ्यातील उपाययोजनांविषयी टिपण द्यायचे आहे. त्यासाठी शोधाशोध करताना संशोधनांचा एक चौकटींचा तक्ता सापडला. काही चौकटींत मोठी रंगीत वर्तुळे आहेत, तर काही अगदी रिकाम्या आहेत. मोठे वर्तुळ असलेला उपाय उत्तम आणि रिकाम्या चौकटीतला निरुपयोगी, असे टिपणात लिहिले तर चालेल का?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : तसे कृपया लिहू नका, कारण त्या तक्त्यातून हा अर्थ निघत नाही. अशा तक्त्याला एव्हिडन्स गॅप मॅप म्हणतात. आपण त्याला पुराव्यांचा नकाशा म्हणू. २००८ मध्ये स्थापन झालेल्या आणि दिल्लीतही कार्यालय असलेल्या ‘इंटरनॅशनल इनिशिएटिव्ह फॉर इम्पॅक्ट इव्हॅल्युएशन’ या संस्थेचा ही पद्धत रूढ करण्यात मोठा वाटा आहे. नकाशाच्या आडव्या ओळींत उपाय असतात. उदाहरणार्थ, उष्णतेच्या लाटेची पूर्वसूचना, छताला पांढरा रंग किंवा कामाच्या वेळांतील बदल. उभ्या रकान्यांत परिणाम असतात : मृत्यू, रुग्णालयातील भरती, झोप, मजुरी. एखाद्या उपायाचा एखाद्या परिणामावर काय प्रभाव पडतो हे ज्या अभ्यासांनी तपासले, ते सगळे त्या ओळीच्या आणि रकान्याच्या छेदावरील चौकटीत ठेवलेले असतात. वर्तुळाचा आकार त्या अभ्यासांची संख्या दाखवतो आणि रंग बहुधा ते अभ्यास किती विश्वासार्ह आहेत हे सांगतो. उपाय लागू पडला की नाही, हे वर्तुळावरून कळत नाही. दहा अभ्यासांनी एकमुखाने ‘उपयोग झाला नाही’ असे म्हटले असले, तरी वर्तुळ मोठेच दिसेल. रिकाम्या चौकटीचा अर्थही एवढाच, की नकाशा तयार करणाऱ्यांना त्या प्रश्नावर त्यांच्या निकषांत बसणारा अभ्यास सापडला नाही.

कोणती चौकट भरते आणि कोणती रिकामी राहते, यामागेही कारणे असतात, आणि तुमच्या कामाच्या दृष्टीने ती मला सर्वांत महत्त्वाची वाटतात. मृत्यूची नोंद महानगरपालिकेच्या दप्तरी होते, त्यामुळे मृत्यूंवर अभ्यास करणे त्या मानाने सोपे जाते. दुपारी भोवळ येऊन घरी परतलेल्या मजुराची बुडालेली मजुरी मात्र कोणत्याही नोंदवहीत चढत नाही, म्हणून त्या रकान्यात अभ्यासही फारसे येत नाहीत. कधी कधी तर असा रकानाच आखलेला नसतो, आणि मग ती उणीव रिकामी चौकट म्हणूनसुद्धा दिसत नाही. म्हणून नकाशा उघडला, की तुमच्या मजुरांना ज्याची खरी चिंता आहे तो परिणाम रकान्यांच्या शीर्षकांत आहे का, हे आधी पाहा. नसेल, तर ही उणीवच टिपणात ठळकपणे मांडा. लोकप्रतिनिधींना त्यावरून अभ्यासाची किंवा नोंदी ठेवण्याची मागणी करता येईल, आणि ती मागणी अत्यंत रास्त ठरेल.

भरलेल्या चौकटीच्या बाबतीत वर्तुळावर न थांबता त्याखालचे अभ्यास उघडून वाचा. अहमदाबादचे उदाहरण घ्या. तिथे मे २०१० मधील उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचा अंदाज संशोधकांनी मांडला आणि २०१३ मध्ये शहराने कृती आराखडा लागू केला. नंतरच्या एका अभ्यासाने आराखड्यापूर्वीच्या आणि नंतरच्या वर्षांची तुलना करून वर्षाला सरासरी १,१९० मृत्यू टळल्याचा अंदाज दिला. हा पुरावा मोलाचा आहे. तरीही ती आधीच्या आणि नंतरच्या काळाची तुलना आहे. त्या वर्षांत शहरात इतरही बदल होत असतात. शिवाय पूर्वसूचना, डॉक्टरांचे प्रशिक्षण आणि जनजागृती एकाच वेळी राबवली गेल्यामुळे यांतील नेमके कशाने किती साधले, हे त्या आकड्यातून वेगळे काढता येत नाही. नागपूरच्या टिपणात तो आकडा द्यायचा असेल, तर या मर्यादेसह द्या. आकडा त्यामुळे दुबळा होत नाही, आणि सभागृहात कोणी उलट प्रश्न विचारला तर तुमच्या प्रतिनिधींना उत्तर देता येते.

प्रश्न : एका आरोग्य अहवालात उभ्या रेषेभोवती लहानमोठे चौकोन, त्यांना जोडलेल्या आडव्या रेघा आणि शेवटी शंकरपाळ्यासारखी आकृती आहे. हे काय असते?
— एक निवृत्त शिक्षिका, महाल, नागपूर

उत्तर : हा फॉरेस्ट प्लॉट आहे. प्रत्येक चौकोन म्हणजे एका अभ्यासाचा निष्कर्ष, आणि एकत्रित हिशेबात ज्या अभ्यासाचे वजन जास्त त्याचा चौकोन मोठा. आडवी रेघ त्या निष्कर्षातली अनिश्चितता दाखवते. ती जितकी लांब तितकी खात्री कमी. उभी रेषा म्हणजे ‘काहीही फरक नाही’. एखादी आडवी रेघ तिला ओलांडत असेल, तर त्या एकट्या अभ्यासावरून फरक पडतो असे खात्रीने म्हणता येत नाही. शेवटची आकृती म्हणजे सर्व अभ्यासांचा मिळून निघालेला निष्कर्ष.

१९९३ मध्ये स्थापन झालेल्या आणि वैद्यकीय अभ्यासांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचे बोधचिन्ह म्हणजे अशीच एक खरीखुरी आकृती आहे. मुदतीपूर्वी प्रसूत होण्याची शक्यता असलेल्या स्त्रियांना दिल्या जाणाऱ्या एका स्वस्त स्टेरॉइड औषधाच्या चाचण्या तीत मांडल्या आहेत. पहिली चाचणी १९७२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि पुढे आणखी झाल्या, परंतु त्या सर्वांचा पद्धतशीर एकत्रित आढावा १९८९ पर्यंत छापूनच आला नव्हता. त्यामुळे या औषधाने किती अर्भके वाचू शकतात, हे बहुतेक प्रसूतितज्ज्ञांच्या ध्यानात आले नाही, आणि वाचू शकली असती अशी कितीतरी बाळे दगावली. सुटे सुटे निष्कर्ष एका दृष्टिक्षेपात आणणाऱ्या आकृत्यांविषयी मी इतक्या आग्रहाने लिहितो, त्याचे कारण हेच.

प्रश्न : बैठकीत असे नकाशे छापून वाटायचे असतात. काय काळजी घ्यावी?
— एक कर्मचारी, सिव्हिल लाइन्स, नागपूर

उत्तर : पडद्यावरचा नकाशा वर्तुळावर क्लिक करून आतले अभ्यास उघडण्यासाठी बनवलेला असतो, कागदावर ती सोय राहत नाही. म्हणून संपूर्ण नकाशा न छापता बैठकीच्या विषयाशी संबंधित तीन-चार ओळीच घ्या आणि प्रत्येक चौकटीत अभ्यासांची संख्या आकड्यात लिहा. झेरॉक्स प्रतीत हिरवा आणि लाल जवळजवळ सारखेच करडे दिसतात, आणि काही जणांना रंगीत प्रतीतही त्यांतला फरक कळत नाही. तेव्हा विश्वासार्हता ‘जास्त’, ‘मध्यम’, ‘कमी’ अशा शब्दांत नोंदवा. अभ्यास कोणत्या देशांतले आहेत, हे तळाशी लिहायला विसरू नका, कारण घरोघरी वातानुकूलन असलेल्या शहरातला निष्कर्ष कूलरच्या आधारावर मे महिना काढणाऱ्या नागपूरला जसाच्या तसा लागू होईलच असे नाही. त्याशेजारी अभ्यासांचा शोध कोणत्या महिन्यापर्यंत घेतला होता, तेही नमूद करा. त्यानंतर प्रसिद्ध झालेले संशोधन त्या कागदावर नसते.