ऐका, विचारा : बेस नसलेला बँड आणि त्याचे अकरा अल्बम

प्रश्न : ताई, आम्ही डिचोलीच्या तिघी कॉलेजच्या मैत्रिणी. दोघी गिटार वाजवतो, तिसरी ड्रम. खालचे सूर धरणारी बेस गिटार वाजवणारं कुणी मिळत नाही. कॉलेजच्या कार्यक्रमात वाजवलं तेव्हा ‘बेसशिवाय बँड पोकळ वाटतो’ असं लोकांनी तोंडावर सांगितलं. एका सिनियरने स्लेटर-किनी या बायकांच्या बँडचं नाव सुचवलं. शोधलं तर अकरा अल्बम निघाले! सुरुवात कुठून करू? आमचीही चार मराठी गाणी बसली आहेत. पहिलं गाणं खनिजाच्या ट्रकांवर आणि शाळेच्या वाटेवरच्या लाल धुळीवर आहे, त्याची फीत सोबत पाठवतोय. ‘मराठीत रॉक शोभत नाही’ असंही काही जण म्हणतात. ती रेकॉर्ड करू, की बेस मिळेपर्यंत थांबू?
— तिघी, डिचोली

उत्तर : मुलींनो, थांबू नका. तुमच्या सिनियरने नेमकं नाव सांगितलंय. त्या बँडला सुरुवातीपासून बेस नाही, आणि तो नाही म्हणून त्यांच्या रेकॉर्ड अशा वाजतात.

कॉरिन टकर आणि कॅरी ब्राउनस्टीन या त्यातल्या गिटार वाजवणाऱ्या आणि गाणाऱ्या दोघी. बँड अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिंपिया शहरातला. दोघींचे आधी वेगवेगळे बँड होते. १९९४ च्या सुमारास त्या एकत्र आल्या आणि जवळच्या एका रस्त्याचं नाव बँडला दिलं. त्यांचा पहिला अल्बम १९९५ चा. तो अमेरिकेत झालाच नाही. ऑस्ट्रेलियाला गेल्या होत्या, तिथे राहणारी ड्रमर मिळाली, मेलबर्नमध्ये रेकॉर्डिंग उरकलं. सगळा मिळून अर्धा तासही नाही. अगदी कच्चा आहे. पण तो निघाला, म्हणून पुढच्या वर्षी ‘कॉल द डॉक्टर’ निघाला, आणि त्याच्या पुढच्या वर्षी ‘डिग मी आउट’.

तुम्ही सुरुवात ‘डिग मी आउट’पासूनच करा. १९९७ चा अल्बम, तेरा गाणी, जेमतेम ३६ मिनिटं. निर्माता जॉन गुडमनसन, जागा सिएटल. जॅनेट वाइस ही ड्रमर याच अल्बमपासून आली आणि बँडला कणा मिळाला. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, हेडफोन लावा. बहुतेक गाण्यांत एक गिटार एका कानात, दुसरी दुसऱ्या कानात आहे. आधी फक्त एका कानाकडे लक्ष द्या. कॉरिनची गिटार खालच्या तारांवर ठाण मांडून बसलेली असते, बेसचं पुष्कळसं काम तीच करते. मग दुसरा कान. कॅरी वरच्या तारांवर वळणं घेत असते, मधेच कॉरिनला अडवते, मधेच सोडून देते. दोघी एकच कॉर्ड एकाच वेळी झोडत बसत नाहीत. तुमच्या पहिल्या गाण्याची जी फीत तुम्ही पाठवलीत, तीत तुम्ही दोघी नेमकं हेच करताय. ध्रुवपदात दोन्ही गिटारी एकाच जागी, एकच कॉर्ड. पोकळ वाटतं ते त्यामुळे.

आणखी एक गोष्ट गिटार हातात घेऊनच कळेल. या दोघी सहाही तारा तीन अर्धस्वर खाली लावतात. सगळ्यांत जाड तार ‘ई’वरून ‘सी शार्प’वर येते. आवाज लगेच जड होतो. तुम्हीही करून बघा, पण नऊ किंवा दहाचा, म्हणजे बारीक तारांचा सेट असेल तर तारा लुळ्या पडतील आणि फ्रेटवर खडखडतील. अकराचा किंवा बाराचा जाड सेट घाला आणि गिटारच्या मानेचा बाक एकदा जाणकाराकडून तपासून घ्या. गाणंही तेवढंच खाली येतं, हे गळ्यासाठी ध्यानात ठेवा.

मी फोंड्यात रेकॉर्डिंग करते. भजनं, नाटकांची पदं आणि चवथीच्या आधी घुमट आरतीची पथकं. आरतीत घुमटाच्या, म्हणजे मातीच्या मडक्याच्या वाद्याच्या, उघड्या तोंडावर तळहात दाबला-सोडला की खालचा हुंकार येतो, आणि वर शामेळ या चर्मवाद्यावरच्या काठ्या कडकडतात. तिथे कुणी विचारत नाही की बेस कुठे आहे. खालचं कोण सांभाळणार आणि वरचं कोण, एवढं ठरलेलं असलं की पुरतं. तुमच्यात ते अजून ठरलेलं नाही. आधी ते ठरवा.

‘डिग मी आउट’ अंगात मुरला की मधले तीन सोडून थेट ‘द वुड्स’वर उडी मारा. २००५ चा. निर्माता डेव्ह फ्रिडमन. आवाजाचं मीटर लाल झालं की आम्ही रेकॉर्डिंगवाले हात मागे घेतो. इथे त्यांनी मुद्दाम लाल ठेवलंय. ड्रम फाटतो, गिटार फाटते, आवाज भिंतीवर आपटून परत आल्यासारखा येतो. कानाला त्रास होतो अशी तक्रार तेव्हाही झाली, आजही होते. मला तो फाटलेला आवाज पूर्ण पटतो. त्यातलं एक गाणं अकरा मिनिटं चालतं. तोपर्यंत अडीच-तीन मिनिटांत गाणं संपवणाऱ्या बायका इथे थांबायलाच तयार नाहीत, आणि तेवढा वेळ बेसशिवाय तोलून धरतात. जॅनेटचा ड्रम ऐकायचा तो इथे. तुमच्या ड्रमरला सांगा, दिवे मालवून ऐक.

मग मागे या. ‘द हॉट रॉक’ (१९९९) शांत आहे. दोघी एकाच वेळी वेगवेगळे शब्द गातात, आधी गोंधळ वाटेल, तरी धरून ठेवा. ‘ऑल हँड्स ऑन द बॅड वन’ (२०००) त्या मानाने सोपा, ओठांवर बसणारा.

‘वन बीट’ (२००२) मात्र सावकाश ऐका. माझ्या दृष्टीने यांचा सगळ्यांत मोलाचा अल्बम हाच. २००१ मध्ये कॉरिनला मुलगा झाला, दिवस भरण्याआधीच. त्याच वर्षी न्यूयॉर्कवर हल्ला झाला. एका गाण्यात बाळाला पाजणारी आई टीव्हीवर ते सगळं बघतेय, दुसऱ्यात ती बाळाच्या जिवासाठी देवापुढे पदर पसरतेय. घोषणा एकही नाही, अंगावर आलेलं तेवढं लिहिलंय. म्हणून तुमच्या लाल धुळीच्या गाण्याला माझा जीव लागलाय. ‘मराठीत रॉक शोभत नाही’ म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. धुळीने माखलेल्या दप्तराचं कडवं मी दोनदा ऐकलं. त्यातला एक शब्दही बदलू नका.

२००६ मध्ये त्यांनी थांबायचं ठरवलं. २०१५ मध्ये ‘नो सिटीज टू लव्ह’ घेऊन परतल्या, आणि तो इतका घट्ट बांधलेला आहे की मधली वर्षं जाणवत नाहीत. ‘द सेंटर वोंट होल्ड’ (२०१९) सेंट व्हिन्सेंट या गायिकेने निर्मिला. त्यात सिंथेसायझर पुढे आला, गिटारी मागे सरल्या, आणि अल्बम बाहेर पडायच्या आधीच जॅनेट बँड सोडून गेली. मला त्यात त्यांच्या भांडणाऱ्या गिटारींची जोडी सापडत नाही. तुम्ही सध्या तो बाजूला ठेवा. २०२१ चा ‘पाथ ऑफ वेलनेस’ दोघींनी स्वतःच निर्मिला, तो नंतर कधीतरी.

शेवटचा ‘लिटल रोप’, जानेवारी २०२४. त्याचं काम चालू असताना कॅरीची आई आणि सावत्र वडील इटलीत मोटार अपघातात गेले. दूतावासाला कॅरी सापडेना, म्हणून फोन कॉरिनला आला. त्या अल्बममध्ये कॉरिनचा आवाज फार पुढे आहे. मैत्रीण कोसळलेली असताना दुसरीने गाणं खांद्यावर घेतलंय, हे ऐकताना कळतं. तुम्ही तिघी कॉलेजच्या मैत्रिणी आहात असं लिहिलंय, तर हा अल्बम एकत्र बसून ऐका.

आता तुमचं रेकॉर्डिंग. कौलारू घरातल्या ज्या खोलीत सराव करता तिथेच करा, तिघी एकाच वेळी वाजवा. पावसाची सर कौलांवर कोसळत असेल तेव्हा नको, ओसरल्यावर. दोन गिटारींच्या अँपसमोर एकेक माइक, किक ड्रमला एक, आणि ड्रमरच्या उजव्या खांद्यामागून डोक्याच्या उंचीवर एक. चार चॅनेलचं साउंड कार्ड कुणाकडून तरी उसनं मिळेल. गाणं वेगळं, नंतर. मिक्स करताना गिटारी डाव्या-उजव्या टोकाला लावा, किक आणि आवाज मधे. फाईल मला पाठवा, मी ऐकून कळवते.

प्रश्न : माझी मुलगी अशीच गाणी ओरडून म्हणते. ती नाट्यगीतंही शिकते. गळा बिघडेल का?
— एक आई, मडगाव

उत्तर : कॉरिनचा आवाज ऐकलात तर ओरडल्यासारखा वाटेल, पण त्यात कंप आहे आणि तो पोटातल्या श्वासावर उभा आहे. नुसतं घसा ताणून ओरडणं वेगळं. मुलीला गाण्याआधी खर्ज भरायला सांगा. नाट्यगीताच्या रियाजाने तिचं भलंच होईल. गाऊन झाल्यावर घसा दुखत असेल तर पट्टी खाली घ्यायला लावा. आवाज दोन-तीन आठवडे बसलेलाच राहिला, तर घरगुती काढे थांबवून कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे न्या.

प्रश्न : याच बँडच्या पहिल्या सात अल्बमांचा २०१४ चा ‘स्टार्ट टुगेदर’ हा रेकॉर्डांचा संच मला भेट मिळाला आहे. गोव्याच्या पावसाळ्यात टिकेल का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : टिकेल. हे सातही अल्बम नव्याने मास्टर केलेले आहेत, जपून वाजवा. रेकॉर्ड उभ्याच ठेवा, बाहेरच्या भिंतीला लागून नको, बंद लोखंडी कपाटात तर नकोच. बुरशी आधी कागदी पाकिटाला धरते, म्हणून आतली पाकिटं प्लॅस्टिकची करा आणि कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाका. जूनपासून महिन्यातून एकदा प्रत्येक रेकॉर्ड बाहेर काढून पंख्याखाली वारा द्या. डाग दिसला तर डिस्टिल्ड पाण्यात भिजवून पिळलेल्या मऊ कापडाने खाचांच्या दिशेने गोल पुसा. नळाचं पाणी वापरू नका, क्षार खाचेत बसतात आणि मग ते सुईला लागतात.