काँट्रा आठवतोय, पण घ्यायचं काय?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आमच्याकडं पूर्वी कॅसेटवाला व्हिडिओ गेम होता. काँट्रा, मारिओ, रणगाडे, सगळं त्यावरच खेळलो. आता मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याला पीएस-५ (सोनीचा प्लेस्टेशन ५) पाहिजे, मला जुनंच काही तरी घ्यावंसं वाटतंय. भाऊ म्हणतो, टीव्हीला लावायची दहा हजार गेमवाली स्टिक घे, विषय संपला. काय करू? – एक वाचक, खानापूर

उत्तर : दुकानात जाण्याआधी पुन्हा खेळावेसे वाटणारे पाच गेम कागदावर लिहा. पाचच. प्रत्येकापुढे ‘एकटा’ की ‘दोघं’ तेही लिहा. बहुतेकांच्या यादीत ‘दोघं’च जास्त निघतात, आणि तिथंच निवड अर्धी होते. आजचे कित्येक गेम दोघांना खेळायचे तर दोन घरं, दोन कन्सोल आणि इंटरनेट मागतात. शेजारी बसून एकाच टीव्हीवर खेळता येतं का, हे त्या गेमच्या माहितीत पाहून घ्या. दुसऱ्या कंट्रोलरचे पैसेही बजेटमध्ये आधीच धरा.

काँट्रासाठी जुनं यंत्र लागत नाही. २०१९ मध्ये काँट्रा बनवणाऱ्या कोनामी कंपनीनं जुन्या काँट्रांचा ‘काँट्रा अ‍ॅनिव्हर्सरी कलेक्शन’ हा अधिकृत संच काढला. त्याची पीएस-४ आवृत्ती पीएस-५ वर चालते, म्हणजे बाप-लेकाचं एकाच यंत्रात भागतं. मारिओचं तसं नाही. तो निन्टेंडोच्या घरचा, त्यामुळं त्यासाठी निन्टेंडोचा ‘स्विच’ हा कन्सोल आणि त्याची ऑनलाइन वर्गणी. स्विच आपल्याकडं बहुतेक बाहेरून आलेला असतो. वॉरंटी कोण देणार, हे बिल फाडण्याआधी विचारा.

स्टिकबद्दल स्पष्टच सांगतो, तो आकडा फसवा असतो. पूर्वीच्या ‘९९९९ इन १’ कॅसेटमध्येही मोजके गेमच नावं आणि लेव्हल बदलून फिरवलेले असत. स्टिकमधले गेम बहुधा विनापरवाना, मेमरी कार्ड हलक्या प्रतीचं आणि बटण दाबल्यावर मारिओ उडी मारतो ती अंमळ उशिरानं. खड्ड्याच्या काठावर तेवढा उशीर जीव घेतो. कंट्रोलर बदलण्याआधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ चालू करून बघा, फरक पडतो.

आणि तरीही कॅसेट खटकन बसवण्यातच मजा वाटत असेल, तर जुनंच घ्या. आवडीला हिशेब लावायचं कारण नाही. फक्त मुलाला ते आवडेलच असं धरू नका.

प्रश्न : माळ्यावरचा जुना गेम काढला. लाल दिवा लागतो, पण पडदा करडा राहतो, नाहीतर नुसते चौकोन नाचतात. कॅसेटमध्ये फुंकर मारून झाली. – एक वाचक, जांबोटी

उत्तर : फुंकर आधी बंद करा. तोंडातली वाफ तांब्याच्या पट्ट्यांवर बसते आणि तुमच्याकडच्या पावसाळी दमटपणात गंज वाढतो. फुंकरीनं गेम चालू व्हायचा असं वाटतं ते कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळं.

आपल्याकडची ही यंत्रं बहुतेक निन्टेंडोच्या फॅमिकॉम या १९८३ च्या जपानी कन्सोलच्या नकला. कॅसेटला दोन्ही बाजूंना ३०-३० अशा ६० पट्ट्या असतात. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. जखमेला लावायचं स्पिरिट नको, त्यात पाणी बरंच असतं. कानकाडी भिजवून पट्ट्या वरून खाली पुसा. काडी काळी येणं थांबेपर्यंत काड्या बदला. हिरवट डाग राहिलाच तर पांढरा खोडरबर हलक्या हातानं. मग दहा मिनिटं वाळू द्या. यंत्राची खाचही विसरू नका. वीज काढून, जाड पुठ्ठ्यावर पातळ सुती कापड गुंडाळा, किंचित ओलं करा आणि खाचेत चार-पाच वेळा सरळ आत-बाहेर करा. वाकडं केलंत तर आतल्या पिना सैल पडतात.

अ‍ॅडॉप्टरही तपासा. व्होल्टेज आणि मधली पिन प्लस की मायनस, हे यंत्राच्या पाठीवर लिहिलेलं असतं. कितीतरी नकलांत मधली मायनस असते. ९ व्होल्टच्या यंत्राला सेट-टॉप बॉक्सचा १२ व्होल्टवाला लावला तर आतला रेग्युलेटर तापतो. उलट्या पिनेचा लावला तर यंत्र जळूही शकतं.

प्रश्न : जुन्या गेमच्या बंदुकीनं एलईडी टीव्हीवर बदकं मरत नाहीत. बंदूक बिघडली का? – एक वाचक, चिकोडी

उत्तर : बंदूक बहुधा ठणठणीत आहे. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदूक तो उजेड ‘बघते’. जुन्या पिक्चर ट्यूबवर तो लगेच उमटायचा. एलईडी चित्रावर प्रक्रिया करून उशिरा दाखवते, शिवाय बंदुकीला ट्यूबची जलद लुकलुकही हवी असते. जुनं यंत्र टीव्हीला जोडायचा कन्व्हर्टर बदलून उपयोग नाही, जुना डबा टीव्हीच लागेल. तो बिघडला तर स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये विजेचा जीवघेणा दाब राहू शकतो.

प्रश्न : व्हाइस सिटी या गेमची पीएस-२ ची डिस्क पीएस-५ वर चालेल का? नाहीतर जुना पीएस-२ घेतो. – एक वाचक, निपाणी

उत्तर : डिस्क चालणार नाही. २०२१ ची नवी आवृत्ती चालेल, पण तिचं रूप बदललंय. जुन्या चाहत्यांपैकी अनेकांना ते रुचलं नाही. (घरात लहान मुलं असतील तर दोन्ही त्यांच्यापासून लांबच.) जुना पीएस-२ घेताना खालून निळी दिसणारी सीडी आणि चंदेरी डीव्हीडी, दोन्ही लावून बघा, एक वाचली म्हणजे दुसरी वाचेलच असं नाही. गेम सेव्ह करायला ८ एमबीचं मेमरी कार्ड वेगळं लागतं, ते विक्रेत्याकडूनच मागून घ्या. बहुतेक बारीक मॉडेलांना ८.५ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लागतो. ‘कुठलाही चालतो’ म्हणणाऱ्याकडून यंत्र घेऊ नका.