जुन्या हार्मोनियम घेऊन, दुरुस्त करून विकायच्या आहेत. वरून चांगल्या दिसणाऱ्या पेट्या कुठे मिळतील?

"वरून चांगल्या दिसणाऱ्या" वाचलं आणि डोकंच फिरलं, कारण आमचे दाजी हेच म्हणायचे. त्यांचं फर्निचरचं दुकान, त्यामुळे पेटी म्हणजे त्यांच्या लेखी आवाज करणारं टीपॉय.

साताऱ्याकडे एक वाडा पाडायला काढला होता, माळ्यावर पायपेटी आहे कळलं म्हणून आम्ही दोघं गेलो. तिचा अवतार बघवत नव्हता, झाकण फुगलेलं, भात्याचं चामडं उंदरांनी खाल्लेलं. शेजारी एक हातपेटी, एकदम चकाचक. दाजी म्हणाले, "ती घे, हे सरपण आहे." मी दोन्ही उघडून सुरांची फळी बाहेर काढली. (सूर म्हणजे हवेनं थरथरून वाजणाऱ्या पितळी जिभा, त्या या फळीवर बसवलेल्या असतात.) हातपेटीचे सूर टोकाशीही खरवडलेले आणि मुळाशीही. टोकाशी घासलं की स्वर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो, म्हणजे कुणीतरी वर्षानुवर्षं चढव-उतरव करत बसलेलं, पितळ पार पातळ झालेलं, असला सूर आज लावला तरी टिकत नाही आणि कधीतरी वाजवता वाजवता मोडतो. पायपेटीत मात्र पॅरिसचे सूर, जवळजवळ सगळे शाबूत, कानशीसुद्धा न लागलेले. पेटी मुळात तिकडचीच ना, १८४२ साली देबाँ नावाच्या वाद्यकारागिरानं पॅरिसात हार्मोनियमचं पेटंट घेतलं. चामडं, कापड, स्प्रिंगा काय, बाजारात नवं मिळतं, ते सूर कुठून आणणार? घेतली. भाता नवा बांधला, खोकं फक्त पुसलं. एका संगीत शिक्षकांनी वाजवून बघितली आणि घासाघीस न करता नेली. दाजी अजून प्रत्येक लग्नात सांगतात की पॉलिश केलं असतं तर जास्त आले असते. अहो दाजी, पॉलिश बघून घेणारा तिच्यावर फ्लॉवरपॉट ठेवतो!

तर कुठे मिळतात: भजनी मंडळानं स्केलचेंजर (पट्ट्यांची रांग सरकवून गाण्याची पट्टी बदलता येणारी पेटी) घेतला की जुनी पेटी देवळाच्या कपाटात पडून राहते, तिथे विचारा. पुण्यात जुना बाजार, बुधवारी आणि रविवारी. मुंबईच्या चोर बाजारात शोभेच्या वस्तूचा भाव लावतात, धंद्याला परवडत नाही.

"जर्मन सूर आहेत" हे प्रत्येक विकणारा म्हणतो, उघडून दाखवत नसेल तर उठून यायचं. गुजरातेतल्या पालिताण्याला बनलेले देशी सूर असले म्हणून नाक मुरडू नका, नीट लावलेले असले तर छान वाजतात. भात्यात हवा भरा, एकही पट्टी न दाबता ती किती वेळ टिकते बघा, पण लगेच गेली तरी घाबरू नका, ते काम होतं.

हां, सुरांची फळीच चिरली असेल किंवा वाळवी लागली असेल तर सूर कितीही भारी असोत, नवशिक्यानं हात लावू नये. आणि नाटकवाल्यांचा जुना ऑर्गन स्वस्तात मिळाला तर त्याचे सूर काढून पेटीत बसवायच्या भानगडीत पडू नका, ऑर्गन हवा आत ओढतो, पेटी बाहेर ढकलते, ते जमत नाही.

विकताना काय काय बदललंय ते गिऱ्हाइकाला लिहून द्या. दाजी म्हणतात त्यानं भाव पडतो. पडू दे.