मे महिन्यात तारकर्लीला जातोय. तीन वर्षांची मुलगी आणि चार महिन्यांचं बाळ, दोघांना सनस्क्रीन लावू का?

मुलीला जरूर लावा, बाळाला नको. सहा महिन्यांखालच्या बाळाला सावलीतच ठेवायचं. सैल, पूर्ण बाह्यांचं सुती झबलं आणि टोपी पुरते.

मुलीसाठी झिंक ऑक्साइड असलेलं, ब्रॉड स्पेक्ट्रम (उन्हातल्या दोन्ही प्रकारच्या अतिनील किरणांपासून वाचवणारं) आणि एसपीएफ, म्हणजे डबीवरचा उन्हापासूनच्या संरक्षणाचा आकडा, ३० किंवा जास्त असलेलं घ्या. ती सावळी असली तरी लावाच, सावळी कातडीही भाजते. बाहेर पडण्याआधी अर्धा तास लावा. कानाच्या पाळ्या, मानेची मागची बाजू, पावलांचा वरचा भाग हमखास राहून जातो आणि संध्याकाळी तिथंच लालबुंद होतं. दर दोन तासांनी, शिवाय पाण्यातून आल्यावर अंग टिपून पुन्हा लावा, डबीवर वॉटरप्रूफ लिहिलेलं असलं तरी. छत्रीखालीही वाळूवरून परतलेलं ऊन लागतं, त्यामुळे दहा ते चार किनारा टाळलेलाच बरा.