आईचा कमरेचा मणका सरकलाय, ऑपरेशन करावंच लागेल का?

तुमच्या आईंचं वय ५८, रिपोर्टवर 'एल४-एल५, ग्रेड १ लिस्थेसिस' आणि घरात ऑपरेशनची धास्ती, असं तुम्ही लिहिलंय. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि सगळ्यात आधी धीर देते. एल४-एल५ म्हणजे कमरेचा चौथा आणि पाचवा मणका, लिस्थेसिस म्हणजे मणका सरकणं. ग्रेड १ म्हणजे वरचा मणका खालच्या मणक्यावर पाव भागापर्यंतच पुढे आलाय. या टप्प्यावर बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही.

दोन मणक्यांमधली गादी (डिस्क) सरकणं वेगळं, इथे मणकाच पुढे येतो. पन्नाशीनंतर, बायकांमध्ये जास्त, मधली गादी आणि मणक्यामागचे छोटे सांधे झिजतात, पकड सैल होते.

ग्रेडच्या आकड्यापेक्षा पायांकडे लक्ष द्या. थोडं चाललं की पोटऱ्या भरून येतात, मुंग्या येतात आणि बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर बरं वाटतं का? तसं असेल तर नसांची जागा अरुंद झालेली असू शकते. उभ्याने, पुढे-मागे वाकून काढलेल्या एक्स-रेबद्दलही डॉक्टरांना विचारा. एमआरआय झोपवून काढतात, त्यात सरकणं कधी कधी कमी दिसतं.

उपचाराचा कणा व्यायामच. पाठीवर झोपून, गुडघे वाकवून, पोट आत घेत कंबर जमिनीला टेकवायची. पोटाच्या आणि नितंबांच्या स्नायूंना बळ द्यायचं. पहिले काही दिवस कुणाच्या तरी नजरेखाली करा आणि दोन-तीन महिने नेटाने चालू ठेवा. भुजंगासन, धनुरासन सध्या नको. अंथरुणाला खिळून राहणंही नको, स्नायू आणखी ढिले पडतात. कमरेचा पट्टा थोडेच दिवस. पाठीत स्टिरॉइडचं इंजेक्शन सुचवलं आणि आईंना मधुमेह असेल तर तो आधी सांगा, साखर वाढते.

आणि कृपा करून मणका 'बसवून' देणाऱ्याकडे नेऊ नका. झिजून सरकलेला मणका हाताने जागेवर जात नाही, झटक्याने नसेला इजा मात्र होऊ शकते.

महिनोन् महिने उपचार करूनही चालणं कमी होत गेलं, किंवा पायातली ताकद जाऊ लागली, तर ऑपरेशनचा विचार जरूर करा. त्यात नस मोकळी करतात, गरजेप्रमाणे स्क्रू घालून मणके जोडतात. पण लघवी अडली, शौचावरचा ताबा सुटला, बसायच्या जागी बधिरपणा आला किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्या.