मार्चमध्ये कोकणात समुद्रकिनारी एखादा कार्यक्रम किंवा स्वयंसेवेचं काम आहे का?

वेळासला जा ना, मंडणगड तालुक्यात, बाणकोटजवळ. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांची अंडी वाचवायचं काम सुरू केलं, पुढे गावकऱ्यांसोबत कासव महोत्सव चालू झाला. सकाळ-संध्याकाळ हॅचरीतली (अंडी जपून ठेवतात ती जागा) टोपली उचलतात, खाली तळहातावर सहज मावतील अशी काळपट पिल्लं वळवळत असतात, मग आपण दोरीमागे उभं राहून त्यांना पाण्याकडे जाताना बघायचं, फ्लॅश मारू नका प्लीज. रोज निघतीलच असं नाही हां, टोपली रिकामी निघाली तर गाववाल्यांवर चिडू नका. राहणं-जेवण गावातल्याच घरी. आणि खरंच राबायचं असेल तर सप्टेंबरचा तिसरा शनिवार, किनारा सफाईचा दिवस, हातमोजे घरूनच न्या.