फुलं भरघोस, तरी मधमाशी थांबत नाही

प्रश्न : गच्चीत गुलाब, झेंडू आणि डबल जास्वंदीच्या पंधरा कुंड्या आहेत. मधमाशा येतात, घिरट्या घालतात आणि निघून जातात. काय चुकतंय?

उत्तर : तुमची बहुतेक फुलं दुहेरी आहेत. जास्त पाकळ्यांसाठी निवड करताना पुंकेसरांच्याच पाकळ्या झाल्या, म्हणजे पराग गेला. मकरंद असलाच तर त्याची वाट पाकळ्यांनी बुजते. एकेरी जास्वंदीची पाकळी देठाजवळून ओढून पाहा, आत बोटाला चिकटणारा थेंब लागेल. तोच मकरंद. झेंडूत तो मधल्या बारीक नळीदार फुलांत असतो. गेंदेदार जातींत ती फारशी उरतच नाहीत.

चार-पाच कुंड्यांत एकेरी झेंडू, सूर्यफूल, तुळस लावा. तुळशीच्या सगळ्या मंजिऱ्या खुडू नका, निम्म्या फुलू द्या. कोथिंबीर फुलावर जाऊ दिली तर तिचा उघडा मकरंद आखूड जिभेच्या माश्यांनाही मिळतो. एकाच जातीची रोपं चार ठिकाणी विखुरण्यापेक्षा एकत्र लावा. एका खेपेत मधमाशी सहसा एकाच जातीच्या फुलांवर फिरते आणि तिच्या मधपोटात, म्हणजे मकरंद साठवायच्या पोटातल्या पिशवीत, मावतो जेमतेम ४० मिलिग्रॅम मकरंद. त्यासाठीही तिला कित्येक फुलं हिंडावी लागतात.

पाणी सकाळी मुळाशी घाला. झाड तहानलं की मकरंद आटतो आणि फुलांवर फवारा मारला तर आहे तोही पातळ होतो. मुळांतून शोषली जाणारी कीटकनाशकं मकरंदात उतरतात, तेव्हा फुलणाऱ्या झाडांना ती नकोतच.

प्रश्न : त्यांच्यासाठी साखरपाण्याची वाटी ठेवू का?

उत्तर : रोजची वाटी नको. मकरंदात साखरेबरोबर थोडी अमिनो आम्लं आणि क्षारही असतात. पिलांना लागणारी प्रथिनं परागातून येतात, ती वाटीत कुठून येणार? शिवाय एकाच वाटीवर वेगवेगळ्या पोळ्यांच्या माश्या जमल्या की रोग पसरतो. उन्हात पाणी आंबतं, ते वेगळंच. एखादी माशी गळून पडलेली दिसली तर एक चमचा साखर एक चमचा पाण्यात विरघळवून त्याचा थेंब तिच्या तोंडापुढे ठेवा, बाकीचं फेकून द्या. गूळ नको, त्यातल्या क्षारांनी मधमाशीला हगवण लागते. विकतचा मध तर मुळीच नको. अळ्या कुजवणाऱ्या रोगाचे बीजाणू मधात वर्षानुवर्षं टिकतात.

साधं पाणी मात्र जरूर ठेवा, उथळ बशीत, पाण्यावर डोकं काढणारे खडे घालून. खडे नसले की माश्या बुडतात.